दहा हजार गळे आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर

ओसाका किल्ल्याच्या आवारात ओसाका-जो हॉल नावाचं भलंमोठं बंदिस्त क्रीडागृह आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे जी मैफल होते, तिचं गणित उलटं असतं. जमलेल्यांपैकी बहुतेक जण गायला आलेले असतात आणि ऐकायला आलेले थोडे. दुकानदार, नर्स, कॉलेजची पोरं, निवृत्त कारकून, आजी आणि नात असे सुमारे दहा हजार लोक बीथोवन या जर्मन संगीतकाराच्या नवव्या सिंफनीचा शेवटचा भाग जर्मनमध्ये गातात. त्यांतल्या बहुतेकांना जर्मन येत नाही. पुष्कळांना पाश्चात्त्य स्वरलिपीही वाचता येत नाही.

१९८३ मध्ये हा हॉल बांधून झाला, त्या निमित्ताने मैनिची ब्रॉडकास्टिंग या कंपनीने हा घाट घातला आणि सन्तोरी या पेयं बनवणाऱ्या कंपनीने पैसा पुरवला. पहिली सोळा वर्षं नाओझुमी यामामोतो यांनी संचालन केलं, म्हणजे हातात काठी घेऊन सगळ्यांना ताल दिला, १९९९ पासून युताका सादो करतात. गायचं असेल तर अर्ज करायचा. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, म्हणून सोडत निघते. नाव लागलं की फी भरायची आणि वर्गांना जायचं: नवख्यांना बारा, आधी गायलेल्यांना सहा. म्हणजे माणसं स्वतःच्या खिशातले पैसे घालून महिनोन् महिने तालीम करतात, ती एका दुपारसाठी.

जपानमध्ये या सिंफनीला नुसतं ‘दाइकु’ म्हणतात, म्हणजे ‘नववी’. कोणाची नववी, हे विचारावं लागत नाही. नाताळ तिथे दिव्यांचा आणि केकचा, त्याला सुट्टीही नसते. खरा सण नववर्षाचा. त्या सणाआधीच्या महिन्यात टोकियोच्या मोठ्या वाद्यवृंदांपासून तालुक्याच्या गावातल्या हौशी कॉयरपर्यंत, म्हणजे समूहगायनाच्या गटांपर्यंत, सगळीकडे नववी वाजते. व्हिएन्नात १८२४ च्या मे महिन्यात पहिल्यांदा वाजलेली, जर्मन कवी शिलरची कविता घेतलेली ही रचना. तिचा जपानशी आणि डिसेंबरशी मुळात काही संबंध नाही.

या गाण्यात ‘सगळी माणसं भाऊ होतात’ अशी ओळ आहे. ते गाताना जगाशी जोडल्यासारखं वाटतं, असं गाणारे हटकून सांगतात. ते वाटणं खरंच आहे. पण ते येतं कुठून? शब्दांतून, असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही, आणि या प्रकरणाचे धागे उलगडले की त्याची कारणं दिसतात.

बांदोची छावणी

चीनच्या किनाऱ्यावरचं छिंगदाव हे जर्मनीचं ठाणं १९१४ च्या नोव्हेंबरात पडलं. वेढा जपानी सैन्याचा होता, सोबतीला ब्रिटिश तुकडी होती. (त्या तुकडीत ३६व्या शीख पलटणीचे शिपाईही होते. आपल्याकडे ही लढाई फारशी कोणाला ठाऊक नाही.) पकडलेले साडेचार हजारांहून जास्त जर्मन आणि ऑस्ट्रियन सैनिक जपानमध्ये आणले गेले. त्यांतले सुमारे हजार जण १९१७ मध्ये शिकोकू बेटावरच्या बांदो इथल्या छावणीत एकत्र आले. ती जागा आज नारुतो शहरात मोडते.

छावणीचे प्रमुख होते तोयोहिसा मात्सुए. ते आइझूचे. १८६८ च्या यादवीत आइझू संस्थान हरलं होतं आणि त्यानंतर तिथल्या सामुराई घराण्यांनी भोगलेले हाल प्रसिद्ध आहेत. हरलेल्याच्या घरात वाढलेल्या या अधिकाऱ्याने कैद्यांना आपल्या देशासाठी लढलेली माणसं म्हणून वागवलं. छावणीत बेकरी होती, छापखाना होता, ‘डी बाराके’ नावाचं स्वतःचं नियतकालिक निघायचं. कैद्यांनी गावकऱ्यांना भाजीपाल्याच्या आणि दुधाच्या नव्या पद्धती दाखवल्या, जवळच्या देवळाच्या आवारात दगडी पूल बांधला. तो आजही उभा आहे.

आणि वाद्यवृंद होता. नौदलाच्या बँडमधले हेरमान हान्सेन यांनी १ जून १९१८ रोजी छावणीत अख्खी नववी वाजवली. अडचण उघड होती: कॉयरमध्ये बाया कुठून आणायच्या? सोप्रानो आणि आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या उंच आणि खालच्या आवाजांच्या ओळी पुरुषांच्या गळ्यांना झेपतील अशा नव्याने लिहून काढल्या आणि सुमारे ऐंशी कैद्यांनी त्या गायल्या. आशियातला नववीचा हा पहिला संपूर्ण प्रयोग मानतात. तारेच्या कुंपणाआड, महायुद्ध चालू असताना.

नारुतोत आज जर्मन भवन आहे, जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग शहराशी भगिनी-शहराचं नातं आहे, आणि दर जूनमध्ये त्या प्रयोगाच्या आठवणीत नववी होते. पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट इथून थेट डिसेंबरच्या मैफलींपर्यंत जाते. ती गोड आहे, पण तिचा सांधा जुळत नाही. बांदोचा प्रयोग जूनमधला, आतल्या लोकांसाठी केलेला. बाहेरच्या जपानला त्याचा पत्ताही नव्हता म्हटलं तरी चालेल. जपानी गायक-वादकांनी आपली नववी केली ती १९२४ च्या नोव्हेंबरात, टोकियोच्या उएनो भागातल्या संगीतशाळेत, गुस्ताव क्रोन या जर्मन शिक्षकाच्या हाताखाली. बांदोची आठवण पुढे कित्येक वर्षांनी उकरून काढली गेली.

लायपझिगहून आलेला डिसेंबर

नववीची वर्षअखेरशी सांगड घातली ती जर्मनीतल्या लायपझिगने. महायुद्ध थांबून दोन महिनेही झाले नव्हते. ३१ डिसेंबर १९१८ च्या रात्री कामगारांच्या शिक्षणसंस्थेने भरवलेल्या मैफलीत आर्थर निकिश यांनी नववी केली. सुरुवात रात्री अकराला, अशा बेताने की कॉयर उभा राहील तेव्हा नवं वर्ष लागावं. जर्मनीत तिथून प्रथा रुजली.

ती जपानच्या रेडिओवर आणण्याचं श्रेय बहुतेक वेळा योझेफ रोझेनश्टोक यांना दिलं जातं, आणि इथे इतिहास जरा विचित्र वळण घेतो. क्राकूमध्ये जन्मलेले हे ज्यू संचालक. नाझी सत्तेवर आल्यावर मानहाइमच्या ऑपेरातलं त्यांचं पद गेलं. १९३६ मध्ये ते टोकियोला आले आणि आज एनएचके (जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था) सिंफनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदाला त्यांनी अक्षरशः घासूनपुसून घडवलं. १९४० च्या सप्टेंबरात जपानने हिटलरशी करार केला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या रात्री जपानी रेडिओवर नववी झाली. हातातली काठी नाझींनी हाकललेल्या माणसाची. ‘माणसं भाऊ होतात’ हे त्या रात्री कोणी कशासाठी ऐकलं असेल, याचा विचार करावा तेवढा थोडा.

१९४३ मध्ये विद्यार्थ्यांना सैन्यात ओढलं गेलं, तेव्हा उएनोच्या संगीतशाळेने आपल्या मुलांना निरोप देताना नववीचा शेवटचा भाग वाजवला आणि युद्धानंतर परतलेल्यांनी न परतलेल्यांसाठी डिसेंबरात तो पुन्हा केला, असंही सांगतात. प्रथेचं मूळ हेच, असं मानणारेही आहेत.

पण प्रथा टिकली ती पोटासाठी, असं मला वाटतं. युद्धानंतर वादकांची परवड होती. नवं वर्ष तोंडावर आलेलं, घरी मोची (नववर्षाचा तांदळाचा चिकट गोळा) करायची तर हातात पैसा हवा. नववीत हौशी कॉयर घेता येतो. शंभर-दोनशे गाणारे म्हणजे त्यांचे आईबाप, बायका, नवरे, शेजारी, ऑफिसातले लोक, आणि सगळ्यांनी तिकिटं घ्यायची. सभागृह भरायची हमी. जपानी वादक याला गमतीने मोचीचे पैसे म्हणतात. हा हिशोब ऐकून काहींचा हिरमोड होतो. माझा झाला नाही. ज्याच्या घरातलं कोणी गातंय, तोच तिकीट काढतो, आणि पुढल्या वर्षी त्याला स्वतःलाही गावंसं वाटतं. ओसाकाची सोडत इथूनच आली.

‘फुरो इदे’

जर्मन न येणारा माणूस हे गाणं पाठ कसं करतो? कॉयरच्या प्रतींमध्ये जर्मन शब्दांखाली काताकाना या जपानी लिपीत उच्चार लिहिलेले असतात. पहिलाच शब्द ‘फ्रॉयडे’, म्हणजे आनंद, जपानी जिभेला जड, म्हणून ‘फुरोइदे’ होतो. टोकियोच्या सुमिदा भागात १९८५ पासून सुमो कुस्त्यांच्या कोकुगिकान या आखाड्यात पाच हजार जणांची नववी होते. तिथल्या मुकोजिमा वस्तीतल्या गेइशांनी (गाण्या-नाचाने मन रिझवणाऱ्या पारंपरिक कलावंतिणींनी) सगळी ओळच जपानी शब्दांत बसवली. ‘फुरो इदे’ म्हणजे आंघोळीच्या टबातून बाहेर येऊन. पुढचे शब्दही असेच, चंद्र वगैरे घालून, अर्थाला काही धरबंध नाही. पण एकदा ऐकलं की विसरत नाही, आणि गाण्याच्या ओघात जर्मन माणसालाही खटकत नाही म्हणे.

शिक्षकांचं काम मात्र गमतीचं नाही. जपानीत प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटतो, जर्मनमध्ये व्यंजनांच्या जुड्या असतात. शब्दाच्या शेवटचा ‘ट’ दहा हजार जणांनी आपापल्या वेळेला टाकला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं. त्यामुळे एकेका व्यंजनावर वर्गाचा अर्धा तास जातो. कुठे श्वास घ्यायचा, कुठे शेजाऱ्याने घेतला की आपण धरून ठेवायचा, जेणेकरून सलग आवाजात भोक पडणार नाही, हे ठरवावं लागतं. सोप्रानोंना एका जागी वरचा स्वर कितीतरी मात्रा लावून ठेवायचा असतो. एकट्या गळ्याला तो कठीण. गटात आळीपाळीने श्वास चोरला की ऐकणाऱ्याला तुटलेला कळत नाही. बहुतेक ठिकाणी प्रत हातात न घेता, पाठ गायचं असतं.

त्यात आणखी एक शिक्षा. सिंफनी सत्तर मिनिटांच्या आसपासची, आणि कॉयरची पाळी चौथ्या भागात. तोवर पाऊण तास गप्प बसायचं.

उशीर

ओसाकाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवख्याला पहिली सूचना मिळते ती वर्गात शिकवलेल्याच्या उलट वाटते: ऐकू नका, बघा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरच्या बाजूचे बास, म्हणजे खर्जात गाणारे पुरुष, शंभर मीटरवर बसलेले असले तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. त्यांच्या आवाजाला धरून तुम्ही गायलात तर तुम्ही तेवढे मागे पडाल. तुमचं ऐकून पलीकडचे आणखी मागे. बघता बघता दहा हजार लोक चिखलात रुततात. पंढरीच्या वाटेवर लांबलचक दिंडीत हे होतंच. पुढच्या टाळांचा ठोका शेपटापर्यंत पोचतो तेव्हा पुढे दुसरं पाऊल पडलेलं असतं, म्हणून मागचे कानावर नाही, तर पखवाजवाल्याच्या हातावर डोळा ठेवतात. प्रकाशाला उशीर नाही. सादोंची काठी हॉलच्या टोकावरूनही त्याच क्षणी दिसते.

म्हणजे गंमत अशी: हॉलमध्ये सगळे एका तालात गात असतात, पण तो ताल कोणालाच पूर्णपणे ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या कानाला पलीकडचे किंचित मागे वाटतात. ते मागे नाहीत, हे मानून चालावं लागतं.

हाच प्रश्न १९९८ मध्ये पृथ्वीएवढा झाला. नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, ७ फेब्रुवारीला, सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली नववीचा शेवट पाच खंडांतून एकाच वेळी गायचं ठरलं. वाद्यवृंद नागानोतल्या सभागृहात, स्टेडियममध्ये दोन हजारांचा कॉयर. आणि उपग्रहावरून बीजिंगच्या निषिद्ध नगरीपाशी, सिडनीच्या ऑपेरा हाउसपाशी, बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप पॉइंटवर उभे असलेले कॉयर. नागानोत भर दुपार, बर्लिनमध्ये थंडीतली पहाट, न्यूयॉर्कमध्ये आदली रात्र.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. ओझावांचं चित्र केप पॉइंटला पोचायला किमान पाव, तिथल्या गळ्यातला सूर परत यायला आणखी पाव. शिवाय चित्रावर होणाऱ्या प्रक्रियेचा वेळ, आणि दोन उपग्रहांवरून उडी मारावी लागली तर दुप्पट. बीथोवनने या सुरावटीला दिलेली गती धरली तर एक ठोका पाऊण सेकंदाचा येतो. अर्धा सेकंद उशीर म्हणजे ठोक्याचा मोठा तुकडा गेला. आणि पाचही ठिकाणांचा उशीर वेगवेगळा.

एनएचकेच्या तंत्रज्ञांनी यावर वेळ जुळवणारं यंत्र वापरलं. युक्ती ऐकायला साधी आहे. सगळ्यात उशिरा येणाऱ्या आवाजासाठी बाकीच्यांना थांबवून ठेवायचं. जो आधी आला त्याला जास्त रोखायचं, जो नंतर आला त्याला कमी, आणि मग सगळे एकत्र सोडायचे. पडद्यावर दिसलं ते असं की पाच खंड आणि नागानो एका काठीखाली गात आहेत.

घरी टीव्हीपुढे बसलेल्या कोट्यवधी लोकांना ते एकत्र ऐकू आलं. पण केप पॉइंटच्या पहाटवाऱ्यात उभ्या असलेल्या गायकाला बीजिंग ऐकू येत नव्हतं. ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिथे पोचलेला ओझावांचा हात आधीच पाव सेकंद जुना होता. ते पाचही कॉयर आपापल्या जागी, एका उशिरा पोचलेल्या चित्राला धरून गात होते. बेरीज झाली ती नियंत्रणकक्षात. तांत्रिक कामगिरी म्हणून मला ती थक्क करते. जोडलं जाण्याचा नमुना म्हणून तिच्यापेक्षा ओसाकाचा हॉल उजवा वाटतो. तिथे शेजारच्या बाईचा श्वास ऐकू येतो, ती चुकली तर आपण सावरतो आणि आपण चुकलो तर ती.

तेच गाणं, दुसरे हात

शब्दांमुळेच माणसं जोडली जातात असं असतं, तर पुढची उदाहरणं घडलीच नसती. १९ एप्रिल १९४२ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांनी नववी केली, ती हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. कॉयरने तेच शब्द गायले. मैफल संपल्यावर हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने पुढे येऊन संचालकाशी हात मिळवला, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीने १९७४ मध्ये आपलं राष्ट्रगीत याच चालीवर बेतलं, शब्द वेगळे घेऊन. युरोपीय परिषदेने दोनच वर्षं आधी तीच चाल आपलं गीत म्हणून निवडली होती. सूर कोणाच्याही बाजूने उभा राहतो.

उलट बाजूचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नाताळचंच आहे. बर्लिनची भिंत पडून दीड महिना झाला होता. २५ डिसेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांनी नववी केली. वादक दोन्ही जर्मनींतले, त्यांच्या जोडीला न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि लेनिनग्राडच्या वाद्यवृंदांतले. बर्नस्टाइननी ‘आनंद’ या शब्दाच्या जागी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द गायला लावला. पुष्कळ देशांत ते प्रक्षेपित झालं. शब्द बदलला यावर तेव्हा वाद झाला. मला तो वाद गौण वाटतो. एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांतले वादक एका स्टँडवरची प्रत वाचत बसले होते, हे त्या मैफलीचं खरं काम होतं.

२०११ आणि २०२०

११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी झाली तेव्हा मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता फ्लॉरेन्सचा वाद्यवृंद घेऊन जपानमध्येच होते. दौरा रद्द झाला, ते परतले. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या भीतीने परदेशी कलावंत जपानचे कार्यक्रम धडाधड रद्द करत असताना मेहता महिन्याभरात पुन्हा आले आणि १० एप्रिलला टोकियोच्या उएनोतल्या बुंका काइकान सभागृहात एनएचके सिंफनीबरोबर मदतनिधीसाठी मैफल केली. आधी मृतांसाठी बाखची एक संथ रचना, मग नववी. एप्रिलमधली नववी जपानमध्ये अवेळीच. पण पाठ असलेला कॉयर हाताशी असणं ही त्या प्रथेची न बोललेली कमाई. दर डिसेंबरला तालीम केलेला समाज एप्रिलमध्ये थोडक्या तयारीने उभा राहू शकतो.

२०२० मध्ये कोविडमुळे ओसाकाच्या हॉलमध्ये दहा हजार गळे उघडणं अशक्य होतं. आयोजकांनी लोकांना घरी गाऊन चित्रफिती पाठवायला सांगितलं आणि त्या जोडून पडद्यावर आणल्या. नागानोचीच युक्ती, फक्त उपग्रहाऐवजी मोबाइल. स्वयंपाकघरात, गाडीत, कॅमेऱ्यापुढे एकेकटं गायलेलं. व्यंजन उशिरा पडलं तर यंत्राने सरकवून घ्यायचं. उशिराचा प्रश्न पूर्ण सुटला आणि शेजारीही गेला. पाहणाऱ्याला कॉयर मिळाला, गाणाऱ्याला कानातल्या हेडफोनमधला आधीच मुद्रित केलेला वाद्यवृंद.

नंतरच्या वर्षांत माणसं हॉलमध्ये टप्प्याटप्प्याने परतली, आधी अंतर राखून आणि मुखपट्टी लावून. पुन्हा दहा हजारांचा आकडा गाठायला २०२३ उजाडलं.